पाच फाइली, एक कार्ड आणि डिझेल संपलेला जनरेटर : न चालणाऱ्या चित्रणाचे एक प्रकरण

दक्षिण कोकणात कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो, ज्याला मालवणीत धयकालो म्हणतात. नाट्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सिंधुदुर्गातल्या अशाच एका जत्रेचा संपूर्ण प्रयोग कॅमेऱ्यावर घेतला होता आणि चौथ्या दिवशी तो कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड घेऊन माझ्याकडे, म्हणजे न चालणारी चित्रणे दुरुस्त करणाऱ्याकडे, आला. दशावतारात आख्यानाचा सांगाडा ठरलेला असला तरी संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे तेच आख्यान तीच मंडळी दुसऱ्या गावी करतील तेव्हा शब्द वेगळे असतील. म्हणजे लग्नाच्या चित्रणात निदान वधूवरांना पुन्हा उभे करून चार फोटो काढता येतात, ती सोय इथे नव्हती.

त्याची तक्रार एका वाक्याची होती : ‘‘दादा, व्हिडिओ चालत नाहीत.’’ कार्डावर पाच फाइली होत्या आणि त्याच्या मते पाचही बिघडलेल्या होत्या. या व्यवसायात ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक याच शब्दांत येतात आणि यातला ‘चालत नाहीत’ हा शब्दप्रयोगच सर्वांत फसवा असतो, कारण दुखणे दाखवणाऱ्या यंत्रात आहे, नकलेत आहे की मूळ नोंदीतच आहे, हे त्यातून काहीच कळत नाही. या एका कार्डात ती तिन्ही दुखणी एकाच वेळी निघाली आणि त्यातली दोन तर अगदी एकाच संदेशाचा बुरखा घालून आली होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

आधी काय घडले होते

विद्यार्थ्याने कॅमेरा तिपाईवर लावला होता आणि बॅटरी बदलायला लागू नये म्हणून डमी बॅटरी बसवून तिची वायर मांडवाच्या बोर्डात खोचली होती. बोर्डाला वीज जनरेटरची होती. चित्रण पूर्ण एचडी आकाराचे, सेकंदाला ५० फ्रेमांचे आणि ५० मेगाबिट प्रवाहाचे होते. मांडवातल्या ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब यांच्या सरमिसळ प्रकाशात नटांच्या रंगभूषेचे रंग नंतर नीट करता यावेत, या हेतूने त्याने कॅमेऱ्याच्या यादीतला १० बिट ४:२:२ हा पर्याय निवडला होता. हेतू योग्य होता. त्याचे परिणाम पुढे येतील.

संकासुराचा भाग आणि आख्यान मिळून पहिल्या चार फाइली झाल्या. त्या अनुक्रमे ५२, ५८, ६१ आणि ३४ मिनिटांच्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्याने बटण दाबून रेकॉर्डिंग रीतसर थांबवले होते. पाचवी फाइल पहाटेची. आख्यानाचा शेवटचा संवाद चालू असताना जनरेटरचे डिझेल संपले, मांडव अंधारला आणि कॅमेराही त्याच क्षणी बंद पडला. मंडळींनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात दहीकाला उरकला.

सकाळी बॅटरी घालून कॅमेरा चालू केल्यावर पडद्यावर माहितीकोश (कार्डावरच्या चित्रणांची कॅमेऱ्याने ठेवलेली नोंदवही) दुरुस्त करायचा का, असा प्रश्न आला. त्याने घाबरून ‘नाही’ म्हटले. त्यानंतर लॉजवर बसून त्याने कार्ड लॅपटॉपला लावले, विंडोजने ‘या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा’ असे सुचवले, त्यालाही त्याने नकार दिला आणि सगळ्या फाइली एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या. घबराटीतून का होईना, त्याने दिलेले हे दोन नकार पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरले. विंडोजची ही दुरुस्ती फाइलयंत्रणेचा हिशेब जुळवते, तुमच्या चित्रणाची काळजी घेत नाही. अर्धवट नोंदलेली फाइल तिला हिशेबातली चूक वाटली तर ती छाटून टाकायलाही ती कचरत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्याने कार्ड फॉरमॅट केले नव्हते. ‘‘उतरवून झाले की कार्ड रिकामे करतो, पण त्या दिवशी बस गाठायची होती,’’ असे तो म्हणाला. एसटीचे उपकार असेही असतात.

कार्डाला हात लावण्याआधी

कार्डाच्या कडेचे छोटे कुलूप मी खाली सरकवले, पण त्यावर विसंबून राहिलो नाही. ते कुलूप कार्डाच्या आतल्या मंडलाशी जोडलेले नसते. रीडरने त्याची दखल घेतली तर लिखाण थांबते, नाही घेतली तर थांबत नाही. म्हणून लिनक्सवर, कार्ड ‘माउंट’ न करता, म्हणजे फक्त वाचनापुरते उघडून, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने संपूर्ण १२८ जीबी कार्डाची बिट न बिट प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढली. चांगल्या रीडरवर याला साधारण २५ मिनिटे लागली आणि वाचनात एकही चूक आली नाही. याचा अर्थ कार्ड धडधाकट होते आणि ते बनावट असण्याची शक्यताही मावळली, कारण सांगितलेल्यापेक्षा कमी क्षमतेच्या बनावट कार्डांवर पुढचे चित्रण नंतर विस्कळीत निघते आणि इथे चौथी फाइल शेवटच्या फ्रेमपर्यंत शाबूत होती. यानंतर मूळ कार्ड पाकिटात घालून कपाटात ठेवले आणि सर्व प्रयोग प्रतिमेवर केले.

प्रत्येक फाइलीला मी एफएफप्रोब आणि मीडियाइन्फो लावले. ही दोन साधने फाइल चालवून दाखवत नाहीत, तिच्या आत काय आहे एवढेच सांगतात, आणि निदान करताना नेमके तेवढेच हवे असते. विद्यार्थ्याने आणलेल्या हार्डडिस्कवरच्या नकलांवरही तीच साधने चालवली. निकाल असे निघाले : पहिली, दुसरी आणि चौथी फाइल दोन्हीकडे निरोगी. तिसरी फाइल कार्डावर निरोगी, हार्डडिस्कवर मात्र ‘मूव अणू सापडला नाही’ असा संदेश. पाचवी दोन्हीकडे तोच संदेश.

जे बिघडलेच नव्हते

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फाइलींत काहीच बिघाड नव्हता. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये पखवाज आणि झांजेचा आवाज येत होता, चित्राच्या जागी काळा पडदा होता. व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये चित्र आले, पण ते दर काही क्षणांनी अडखळत होते आणि आवाज पुढे पळत होता.

त्याचे कारण १० बिट ४:२:२ या निवडीत होते. नेहमीच्या चित्रणात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती चार बिंदूंमागे एकदा नोंदली जाते, ४:२:२ मध्ये दोन बिंदूंमागे एकदा. संपादनाला हा ऐवज फार मोलाचा असतो, परंतु बहुतेक लॅपटॉपांच्या ग्राफिक्स चिपमध्ये एच.२६४ (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) उलगडण्याचे जे तयार यंत्र असते ते ८ बिट ४:२:० एवढेच जाणते. विंडोजच्या प्लेअरला हा प्रकार उलगडताच येत नाही, आणि व्हीएलसी तो उलगडते पण सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर टाकते. विद्यार्थ्याचा लॅपटॉप जुना आणि दोन कोअरचा असल्यामुळे सेकंदाला ५० फ्रेमा त्याला झेपत नव्हत्या. त्याच फाइली माझ्या यंत्रावर लोण्यासारख्या चालल्या.

उपाय म्हणजे मूळ फाइली जशाच्या तशा ठेवून पाहण्यासाठी ८ बिट ४:२:० मध्ये हलक्या प्रती काढणे. ते काम रात्री लावून दिले. मूळ फाइल ‘रूपांतरित’ करून तिच्या जागी हलकी प्रत ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये, कारण विद्यार्थ्याने रंगभूषेची जी माहिती मुद्दाम मिळवली तीच जाते.

याच वेळी फोनवर मी विद्यार्थ्याला सहज म्हणालो की यापुढे साध्या कामाला ८ बिट आणि २५ फ्रेमा ठेवत जा, म्हणजे हा त्रास होणार नाही. हे वाक्य तीन दिवसांनी माझ्याच अंगाशी आले.

एकच संदेश, दोन दुखणी

या कार्डावरच्या फाइली एमपी४ प्रकारच्या होत्या आणि त्या प्रकारची रचना थोडी समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ही फाइल डब्यांची बनलेली असते. पहिल्या छोट्या डब्यात फाइलीचा प्रकार लिहिलेला असतो. हेक्स दर्शकात, म्हणजे फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात, फाइल उघडली तर पाचव्या बाइटपासून ६६ ७४ ७९ ७० हे आकडे दिसतात. त्यानंतर ‘एमडॅट’ नावाचा अवाढव्य डबा येतो, ज्यात चित्र आणि आवाज यांचा सारा माल आलटून पालटून भरलेला असतो. आणि ‘मूव’ नावाच्या तिसऱ्या, तुलनेने चिमुकल्या डब्यात (संदेशातला ‘मूव अणू’ तो हाच) त्या मालाचा हिशेब असतो : कोणती फ्रेम कोणत्या बाइटपासून सुरू होते, ती किती मोठी आहे, किती वेळ दाखवायची, आवाजाचे तुकडे कुठे आहेत आणि चित्र उलगडायचे तर कोणत्या नियमांनी.

कॅमेरा हा हिशेब शेवटी लिहितो, कारण रेकॉर्डिंग किती वेळ चालणार हे त्याला आधी ठाऊक नसते. तुम्ही बटण दाबून थांबवता तेव्हा पडद्यावर क्षणभर ‘नोंदत आहे’ असे जे दिसते, तेव्हा तो मूव लिहीत असतो. त्या दोन सेकंदांत वीज गेली तर तासाभराचा माल शाबूत असूनही प्लेअरला त्याचा एक दाणा ओळखता येत नाही. २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत ही अडचण नव्हती. तिच्या एमटीएस फाइलीत माल १९२ बाइटांच्या पाकिटांत जातो आणि प्रत्येक पाकिटावर स्वतःची खूण असते, त्यामुळे शेपूट तुटली तरी धड चालते. एमपी४ने संपादनाची सोय दिली आणि ही सुरक्षितता घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तिसरी फाइल. हार्डडिस्कवरच्या नकलेचा आकार कार्डावरच्या मूळ फाइलीइतकाच, सुमारे २३.६ अब्ज बाइट, दिसत होता आणि म्हणूनच विद्यार्थ्याला ती नक्कल पूर्ण वाटली होती. हेक्स दर्शकात शेवटाकडे सरकत गेलो तर १९.८ अब्ज बाइटांनंतर सगळीकडे ०० ०० ०० ००. विंडोज नक्कल सुरू करतानाच संपूर्ण जागा राखून ठेवते आणि मग ती भरत जाते. मध्येच हार्डडिस्क निसटली तर राखलेली जागा तशीच राहते आणि आकडा मात्र पूर्ण दाखवते. नक्कल चालू असताना एकदा वायर हलली होती, हे त्याला विचारल्यावर आठवले. त्याचा रीडर जुन्या यूएसबी २.० प्रकारचा असल्यामुळे ९६ जीबी उतरवायला जवळजवळ तासभर लागला होता आणि बस सुटायची वेळ झाली होती. मूव शेवटी असल्यामुळे तो शून्यांच्या पट्ट्यात गडप झाला आणि पाचव्या फाइलीसारखाच संदेश आला. इलाज क्षुल्लक होता : कार्डाच्या प्रतिमेतून फाइल पुन्हा उतरवली आणि दोन्हींचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, जुळवून पाहिला. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर वापरावे लागले नाही.

विद्यार्थ्याने मात्र माझ्याकडे येण्यापूर्वी तिसऱ्या फाइलीच्या या नकलेवर दोन ‘व्हिडिओ दुरुस्ती’ प्रोग्रॅम चालवले होते. त्यातल्या एकाने अस्पष्ट झलक दाखवून पैसे मागितले. कार्ड फॉरमॅट झाले असते, तर धडधाकट फाइलीच्या अर्धवट नकलेवर हा मुलगा महिनाभर झगडत बसला असता.

पाचवी फाइल

‘‘बाकीचे गेले तरी चालेल, पाचवी तेवढी द्या,’’ असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, कारण आख्यानातला ज्येष्ठ नटाचा शेवटचा संवाद तिच्यात होता.

काम सुरू करण्याआधी अपेक्षा ठरवणे गरजेचे असते. फाइलीचा आकार सुमारे १६.६ अब्ज बाइट होता. चित्राचा प्रवाह सेकंदाला ५० मेगाबिट आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्यांचा असंकुचित, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. दोन्ही मिळून सेकंदाला सुमारे ६४.४ लाख बाइट होतात. भागाकार केला तर ४३ मिनिटांच्या आसपास लांबी निघते. मग शेपटाकडे पाहिले : शेवटचे सुमारे १६ कोटी ७० लाख बाइट निव्वळ शून्य होते. कार्ड नवे होते, कॅमेऱ्याने पुढची जागा राखली होती, पण ती भरण्यापूर्वीच वीज गेली. म्हणजे २६ सेकंद वजा. ४२ मिनिटे ३० सेकंदांच्या आसपास काहीतरी हाती लागावे, असा अंदाज मी कागदावर लिहून ठेवला. असा आकडा आधी नसेल तर दुरुस्तीनंतर २० मिनिटांची फाइल मिळाली तरी माणूस हुरळून जातो.

पहिला प्रयत्न कॅमेऱ्यावरच केला. प्रतिमा दुसऱ्या, मोठ्या कार्डावर उतरवून ते कॅमेऱ्यात घातले आणि यावेळी माहितीकोशाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले. काही कॅमेरे अशा वेळी अर्धवट फाइल स्वतः पुरी करतात. याने माहितीकोश दुरुस्त झाल्याचे जाहीर केले आणि फाइल होती तशीच ठेवली.

दुसरा मार्ग अनट्रंक या मुक्त स्रोत प्रोग्रॅमचा. त्याला तुटलेली फाइल आणि त्याच कॅमेऱ्याची एक निरोगी नमुना फाइल द्यावी लागते. नमुन्यातला मूव पाहून तो मालाची घडण शिकतो आणि मग तुटलेल्या फाइलीत त्याच घडणीचे तुकडे ओळखत नवा हिशेब लिहितो. हे काम मोडी कागद वाचण्यासारखे आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, एका शिरोरेषेखाली अक्षरे सलग धावतात, आणि वाचणाऱ्याला त्या कारकुनाच्या हाताची सवय असेल तरच शब्द सुटे होतात. एमडॅटमध्येही विरामचिन्हे नाहीत. चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी चार बाइटांत त्याची लांबी असते आणि ती मोजून पुढच्या तुकड्यावर उडी मारायची असते. आवाजाला तर कसलीच खूण नसते, ते नुसते आकडे. नमुना फाइल म्हणजे त्याच कारकुनाच्या हातचा दुसरा, वाचलेला कागद.

इथे मी चुकलो. विद्यार्थ्याला सांगितले की त्याच कॅमेऱ्यावर दुसऱ्या कार्डात पाच मिनिटांचे ताजे चित्रण करून पाठव. त्याने पाठवले. अनट्रंक चालला, फाइल तयार झाली, उघडलीही. लांबी १ तास २५ मिनिटे. चित्राच्या जागी करड्या-हिरव्या रंगाचा चिखल, त्यातून मधूनच मुकुटाची कड दिसावी न दिसावी. आवाज स्वच्छ, पण अर्ध्या वाटेवर संपलेला.

अर्धा दिवस मी आवाजाच्या मागे लागलो होतो. मग लांबीकडे नीट पाहिले : माझ्या अंदाजाच्या बरोबर दुप्पट. सेकंदाला ५० फ्रेमांचे चित्र २५च्या वेगाने मांडले तर असेच होणार. माझा फोनवरचा सल्ला प्रामाणिकपणे मानून विद्यार्थ्याने कॅमेरा ८ बिट आणि २५ फ्रेमांवर ठेवला होता आणि नमुना त्यातच घेतला होता. कारकून तोच, पण कागद वेगळ्याच लिपीतला. चित्र उलगडण्याचे नियम नमुन्यातून आले, ते ८ बिट ४:२:० चे, आणि माल १० बिट ४:२:२ चा. योग्य नमुना शोधायला कुठे जायचेही नव्हते : त्याच कार्डावर, त्याच रात्री, त्याच जुळणीत घेतलेली चौथी फाइल पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चौथी फाइल नमुना म्हणून दिली. यावेळी सुरुवात करण्यापूर्वी हेक्स दर्शकात दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. चौथीत जवळजवळ दर अर्ध्या सेकंदाला, पूर्ण चित्र सुरू होते तिथे, ०० ०० ०० ०२ ०९ १० अशी सहा बाइटांची जोडणी दिसत होती : पहिले चार लांबी सांगणारे, पुढचे दोन ‘नवी फ्रेम सुरू’ अशी दवंडी. पाचवीतही तीच दवंडी, त्याच अंतराने, शून्यांचा पट्टा सुरू होईपर्यंत थेट जात होती. माल सलग आणि शाबूत आहे याची ही खात्री. ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर ही शेवटची फाइल असल्यामुळे तिचे तुकडे विखुरले नव्हते, नाहीतर फोटोरेकसारख्या, हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनांनीही विखुरलेले मोठे चित्रण जोडणे फार कठीण जाते.

अनट्रंकने यावेळी ४२ मिनिटे ३१ सेकंदांची फाइल दिली. रंग जागेवर, चित्र स्वच्छ.

झांजेची परीक्षा

चित्र दिसू लागले की ग्राहक खूश होतो आणि तंत्रज्ञ सैल पडतो. दुरुस्त केलेल्या फाइलीत आवाज आणि चित्र जुळते का, हे संवादांच्या ओठांवरून ठरवणे अवघड जाते, विशेषतः नट दाढीमिशा लावून तिरपा उभा असेल तेव्हा. सुदैवाने चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात झांजवाला बसला होता. झांजेच्या दोन वाट्या एकमेकींना भिडतात तो क्षण एका फ्रेमेत नेमका सापडतो आणि त्याच्या आवाजाची कडही लहरीच्या आलेखात भिंतीसारखी सरळ उभी असते. पाचव्या, विसाव्या आणि चाळिसाव्या मिनिटाला मी वाट्या भिडण्याची फ्रेम आणि आवाजाची कड यांची तुलना केली.

पाचव्या आणि विसाव्या मिनिटाला फरक शून्य. चाळिसाव्या मिनिटाला आवाज ९ फ्रेमा आधी येत होता, म्हणजे ०.१८ सेकंद. हळूहळू वाढत जाणारा फरक असता तर तो वेगाच्या गणिताचा दोष ठरला असता, पण मधल्या ठिकाणी तपासत गेल्यावर दिसले की ३१व्या मिनिटापर्यंत सगळे जुळते आणि तिथून पुढे एकदम ९ फ्रेमांची उडी आहे, जी शेवटपर्यंत तेवढीच राहते. याचा अर्थ तिथे आवाजाचा एक तुकडा गळला होता. ०.१८ सेकंदाचे साधारण ३४,५६० बाइट होतात. या कॅमेऱ्याच्या फाइलीत चित्र आणि आवाज यांच्या जोडीने भिंग, छिद्र वगैरे नोंदींची एक तिसरी बारीक पट्टी असते, आणि आवाजाला स्वतःची खूण नसल्यामुळे त्या ठिकाणी प्रोग्रॅमने आवाजाचा तुकडा त्या पट्टीच्या खाती टाकला असावा, असा माझा तर्क आहे.

तो तुकडा हाताने परत बसवण्याचा खटाटोप मी केला नाही. संपादनात त्या ठिकाणी आवाज कापून पुढचा सगळा भाग ९ फ्रेमा उशिरा सुरू होईल असा सरकवला आणि राहिलेली फट पखवाजाच्या लयीत येत असल्यामुळे ती बुजवली नाही, उघडी ठेवली. अभ्यासासाठी घेतलेल्या चित्रणात ०.१८ सेकंदाची प्रामाणिक शांतता परवडते. दुसऱ्या ठिकाणचा ठेका उचलून तिथे चिकटवणे मला पटले नसते. विद्यार्थ्यालाही ते पटले, किंवा तोवर तो काहीही पटवून घेण्याच्या मनःस्थितीत होता.

त्याच्या हाती शेवटी चार गोष्टी दिल्या : कार्डाची अखंड प्रतिमा, पाच मूळ फाइली, पाहण्यासाठीच्या हलक्या प्रती, आणि एका पानाची लेखी नोंद, ज्यात पाचवी फाइल कोणत्या साधनाने व कोणत्या नमुन्यावरून जोडली, ३१व्या मिनिटाला काय गळले आणि शेवट कुठे होतो हे लिहिले आहे. कार्ड त्याने माझ्यासमोरही फॉरमॅट केले नाही. नवे घेतो म्हणाला. डमी बॅटरीची वायर यापुढे पॉवर बँकेला जोडायची, असेही त्याने स्वतःच ठरवले.

पाचवी फाइल वाक्याच्या मध्यावर संपते. ज्येष्ठ नट गदा खांद्यावरून खाली घेत पुढे येतो, उजवा हात वर जातो, ‘अरे’ एवढाच शब्द ऐकू येतो, हार्मोनियमचा सूर धरलेला असतो आणि चित्र थांबते. पुढे तो काय म्हणाला हे मांडवात बसलेल्यांपैकी कुणालातरी आठवत असेल म्हणून विद्यार्थी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या गावी जाणार आहे, यावेळी वही घेऊन.